केश्य उपचारांचे वाङ्मय आणि शेगाव तालुक्यातील केशपात : एक चिकित्सा

१

औषधोपचारविषयक लेखनाची परंपरा मराठीत जुनी व समृद्ध आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ (१९२७) यांसारखे ग्रंथ एका बाजूला आणि आजीबाईच्या बटव्याच्या नावाने चालणारे मौखिक व छापील लेखन दुसऱ्या बाजूला, अशी या परंपरेची दोन टोके आहेत. पहिल्या टोकाला वनस्पतीची ओळख, तिचे गुणधर्म, मात्रा व प्रयोग यांचा विचार असतो. दुसऱ्या टोकाला केवळ प्रयोग उरतो. या दोहोंच्या मध्ये पंचांगे, दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि तेलाच्या बाटल्यांवरील वेष्टने यांतून पसरलेले एक विस्तीर्ण लेखन आहे. केस गळणे, विरळ होणे व टक्कल पडणे या विषयांना या लेखनात मोठे स्थान आहे. त्याला येथे सोयीसाठी ‘केश्य उपचारांचे वाङ्मय’ असे म्हटले आहे.

या वाङ्मयाचा वाङ्मय म्हणून विचार क्वचितच होतो. त्याची थट्टा तरी होते, किंवा त्यावर विश्वास तरी ठेवला जातो. परंतु त्याची वाक्यरचना पाहिली तर तीत एक निश्चित घाट दिसून येतो. प्रथम द्रव्यांची नामावळी येते: माका, ब्राह्मी, जास्वंद, आवळा, कडुनिंब, मेथी, वडाच्या पारंब्या. त्यानंतर विध्यर्थी क्रियापदे येतात: वाटावे, कढवावे, गाळावे, मुळांशी चोळावे. आणि शेवटी वर्तमानकाळातील एक निःशंक विधान येते: केस गळणे थांबते. हा घाट ज्यांनी व्रतांच्या पोथ्या व स्तोत्रे वाचली आहेत त्यांना परिचित वाटेल. विधी आणि त्यामागून फलश्रुती, असाच तो आहे. फलश्रुतीला पुरावा द्यावा लागत नाही. विधी यथासांग झाला की फल मिळणारच, आणि न मिळाल्यास विधीत न्यून राहिले असे समजावयाचे. केश्य उपचारांच्या लेखनातही अपयशाची जबाबदारी तेलावर कधी येत नाही. ती नियमितपणा न ठेवणाऱ्या माणसावर येते.

या घाटात तीन गोष्टींना जागाच राहत नाही. केस कोणाचे गळत आहेत, कोणत्या प्रकारे गळत आहेत, आणि उपचार केला नसता तर काय झाले असते, या त्या तीन गोष्टी होत. अलीकडच्या काळात या लेखनाची परिभाषा बदलली आहे. ‘केसांच्या मुळांना बळ देणारे’ या जुन्या शब्दांच्या जागी ‘दाहशामक’ आणि ‘जंतुनाशक’ असे शब्द आले आहेत. परंतु परिभाषा बदलली म्हणून घाट बदलला असे होत नाही. तो बदलला आहे की नाही हे पाहण्याचा प्रसंग बुलढाणा जिल्ह्यातील एका घटनेने आणून दिला. ती घटना ध्यानी घेऊन या वाङ्मयाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. डोक्याला खाज सुटावयाची, मुंग्या आल्यासारखे वाटावयाचे, आणि मग दोन-तीन दिवसांत केस नुसत्या हाताने ओढले तरी मुठीत यावयाचे. कित्येकांना त्याबरोबर डोकेदुखी व ताप होता. काहींना उलट्या व जुलाबही झाले. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतील २७९ व्यक्तींना ही व्याधी झाल्याचे नोंदले गेले. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली होत्या. अनेकांनी उरलेले केस काढून मुंडण करून घेतले. टक्कल हा प्रौढ पुरुषाच्या बाबतीत विनोदाचा विषय होतो. तरुण मुलीच्या बाबतीत तो लग्नाचा प्रश्न होतो. या गावांतील लोकांना हा भेद फार जवळून अनुभवावा लागला.

पहिला संशय दोन गोष्टींवर गेला. एक म्हणजे पाणी. शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांचा बराच भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. येथील भूजल क्षारयुक्त आहे ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सर्वांस ठाऊक आहे. तपासणीत पाण्यातील क्षार व नायट्रेट यांचे प्रमाण अधिक आढळले, यामुळे संशय बळावला. दुसरा संशय डोक्याच्या त्वचेला झालेल्या बुरशीच्या संसर्गाचा होता. त्वचेचे नमुने तपासणीस गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके गावात आली, मलमे व गोळ्या वाटण्यात आल्या. हे दोन्ही संशय त्या वेळी स्वाभाविकच होते. त्यांत दोष दाखविण्याचा येथे हेतू नाही. परंतु दोहोंतही एक गोष्ट समान आहे ती ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन्ही संशय बाहेरून डोक्याला लागणाऱ्या वस्तूंवर होते. ज्या पाण्याने डोके धुतले जाते ते पाणी, आणि डोक्यावर वाढते ती बुरशी. केस डोक्यावरून गेले म्हणजे कारणही डोक्यावरच असले पाहिजे, या तर्कावरच केश्य उपचारांचे सर्व वाङ्मय उभे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक वेगळाच निष्कर्ष पुढे आला. विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपयोगासंबंधी मूलगामी संशोधन करणारे महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांतील रुग्णांचे व त्यांच्या घरातील धान्याचे नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३५, ६० व १५० पट वाढलेले आढळले. जस्ताचे प्रमाण मात्र घटलेले होते. सेलेनियमचा उगम त्यांच्या मते शिधावाटप दुकानांतून आलेल्या गव्हात होता, आणि तो गहू पंजाब-हरियाणाकडील होता. त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते. स्थानिक गव्हाच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ६०० पट अधिक असल्याचे त्यांनी सांगितले. गहू धुऊन तपासला तेव्हाही ते १३.६१ मिलिग्रॅम भरले. या दोन आकड्यांतील अंतर अल्प आहे, आणि त्याचा अर्थ स्पष्ट आहे. विष दाण्यावर बसलेले नव्हते. ते दाण्याच्या आत होते.

हा एका संशोधकाचा निष्कर्ष आहे, आणि त्याकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तथापि त्याची पडताळणी एका साध्या गणिताने करता येते. विदर्भातील कष्टकरी माणूस गव्हाच्या पोळ्यांवर राहू लागला तर दिवसाला ३५० ग्रॅम पीठ सहज खातो. किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याच्या पोटात दररोज सुमारे ५ मिलिग्रॅम सेलेनियम जाईल. प्रौढ माणसासाठी सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा ०.४ मिलिग्रॅम आहे. चीनच्या हुपे प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात सेलेनियमच्या विषबाधेने मोठ्या प्रमाणावर केस व नखे गळाली होती. तेथील रुग्णांच्या आहारातील दैनंदिन सेलेनियम सरासरी ५ मिलिग्रॅमच्या आसपास असल्याचे यांग ग्वांगची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. दोन देशांतील, सहा दशकांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांचे हे आकडे एकमेकांशी जुळतात. पंजाबातील नवांशहर व होशियारपूर या जिल्ह्यांत सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत ही गोष्टही लुधियाना येथील कृषी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पूर्वीच नोंदविलेली आहे. यावरून या निष्कर्षाला बळकटी येते एवढे निश्चित म्हणता येईल.

३

आता प्रश्न असा की, केश्य उपचारांच्या वाङ्मयाचा याच्याशी संबंध काय? हे वाङ्मय आपली प्रतिष्ठा प्राचीन वैद्यकग्रंथांकडून घेते. म्हणून प्रथम त्या ग्रंथांकडेच वळणे योग्य होईल.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या तेराव्या अध्यायात, केसांच्या मुळांशी गेलेले पित्त वाताच्या साहाय्याने केस पाडते आणि त्यानंतर रक्तासह कफ त्या छिद्रांचा अवरोध करतो म्हणून नवे केस उगवत नाहीत, असे वर्णन आहे. या व्याधीला तेथे इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या अशी नावे दिली आहेत. येथे प्रकारभेद स्पष्ट केलेला नाही. वाग्भटाने मात्र अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, तेविसाव्या अध्यायात, इंद्रलुप्त व खलती यांत भेद केला. दोहोंची उत्पत्ती सारखीच. परंतु खलतीत केस क्रमाक्रमाने झडतात, असे तो सांगतो. वेगाचा हा एक निकष अल्पाक्षरी आहे, पण त्याचे महत्त्व फार मोठे आहे. एकाएकी होणारा केशपात आणि हळूहळू होणारा केशपात ही दोन वेगळी दृश्ये आहेत, आणि निरीक्षकाने ती वेगळी ठेविली पाहिजेत, एवढे तरी या ग्रंथकाराने निश्चित ओळखले होते.

इंद्रलुप्तावरील चिकित्सा पाहिली म्हणजे हा भेद अधिकच स्पष्ट होतो. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील विसाव्या अध्यायात डोक्याची शीर सोडविणे, मिरी, मनशीळ, हिराकस व मोरचूद यांचा लेप देणे, आणि त्वचेवर वारंवार फासण्या मारून गुंजांचा लेप करणे असे उपाय सांगितले आहेत. चित्रक, कण्हेर, करंज व जाई यांनी सिद्ध केलेले तेलही इंद्रलुप्तावर प्रसिद्ध आहे. या द्रव्यांपैकी शामक म्हणावे असे फारच थोडे आहे. गुंजा विषारी आहे. चित्रकाने कातडीला फोड येतात. म्हणजे प्राचीन वैद्य येथे दाह शमवीत नव्हता. तो दाह उत्पन्न करीत होता. आश्चर्याची गोष्ट ही की, आधुनिक त्वचाशास्त्रानेही चाईसारख्या, म्हणजे वर्तुळाकार चकत्यांनी केस जाण्याच्या विकारावर, याच जातीचा उपाय स्वीकारला आहे. १९७० च्या दशकापासून डायनायट्रोक्लोरोबेंझीन व त्यानंतर डायफेनसायप्रोन यांसारखी द्रव्ये लावून त्वचेवर मुद्दाम सौम्य दाह उत्पन्न करण्याची पद्धत रूढ झाली. चाईत शरीराची संरक्षक यंत्रणा केसांच्या मुळांवर उलटलेली असते. दुसरा दाह उत्पन्न केल्याने तिचे लक्ष विचलित होते, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

यावरून दोन अनुमाने निघतात. पहिले असे की, ‘दाहशामक केश्य उपचार’ ही कल्पना प्राचीन ग्रंथांच्या नावावर सरसकट खपविता येणार नाही. निदान इंद्रलुप्ताच्या बाबतीत त्या ग्रंथांचे सांगणे विरुद्ध दिशेचे आहे. दुसरे असे की, जो लेप एका प्रकारात उपयोगी तो दुसऱ्या प्रकारात अपायकारक ठरू शकतो. शेगाव तालुक्यातील खाजणाऱ्या, हुळहुळणाऱ्या डोक्यांवर कोणी ग्रंथप्रामाण्याने गुंजांचा किंवा बिब्ब्याचा लेप दिला असता तर तो ग्रंथाशी एकनिष्ठ ठरला असता, पण रोग्यावर अन्याय झाला असता. प्रकारभेद हा या विद्येचा कणा आहे, आणि मराठीतील लोकप्रिय लेखनाने नेमका तोच काढून टाकला आहे.

४

हळूहळू होणारा केशपात म्हणजे वयाबरोबर कपाळाकडून मागे सरकणारे व माथ्यावर पसरणारे टक्कल. स्त्रियांच्या बाबतीत भांगाजवळची विरळता. त्याची कारणमीमांसा गेल्या शतकात बरीच स्पष्ट झाली. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही हे निरीक्षण ग्रीक वैद्यकातही आहे. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये ते पुरुष-संप्रेरकाशी व अनुवंशाशी निश्चितपणे जोडले. १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून, टेस्टोस्टेरोनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये रूपांतर करणारे एक विकर ज्यांच्यात उणे असते त्यांचे डोक्याचे केस तसे विरळ होत नाहीत असे दिसून आले. या संप्रेरकाच्या प्रभावाने केसांची मुळे प्रत्येक आवर्तनात लहान होत जातात, वाढीचा काळ घटतो, आणि जाड केसाच्या जागी लव उरते. या क्रियेत मुळांच्या वरच्या भागाभोवती सौम्य दाहपेशींचा वेढा अनेकदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो हेही खरे आहे. परंतु हा वेढा कारण आहे, परिणाम आहे की केवळ सहचारी आहे, याविषयी मतभेद आहेत. दाहशामक उपचारांचा सारा युक्तिवाद या मतभेदावर, जणू तो मिटला आहे असे समजून, रचलेला असतो.

या युक्तिवादाच्या पुष्टीसाठी जे प्रयोग पुढे केले जातात ते एकेक करून पाहणे उद्‌बोधक आहे. कांद्याच्या रसाचा उल्लेख आज सर्वत्र होतो. त्याचा आधार म्हणजे बगदाद येथील शर्की व अल्-ओबैदी यांचा २००२ मधील प्रयोग. त्यांनी ३८ रुग्ण घेतले. २३ जणांना कांद्याचा रस व १५ जणांना साधे नळाचे पाणी दिवसातून दोनदा लावण्यास सांगितले. सहा आठवड्यांनी रस लावणाऱ्यांपैकी २० जणांना केस आले, तर पाणी लावणाऱ्यांपैकी आठ आठवड्यांनीही केवळ २ जणांना आले. आकडे प्रभावी आहेत. परंतु हे सर्व रुग्ण चाईचे होते, वयाच्या टकलाचे नव्हते. आणि चाई ही पुष्कळदा आपोआप बरी होते. शिवाय कांदा व पाणी यांतील फरक रुग्णाला वासानेच कळणार, म्हणून हा प्रयोग खऱ्या अर्थाने आंधळा होऊ शकत नाही. आणि कांद्याचा रस शामक नसून झोंबणारा आहे. तेव्हा त्याला यश आले असेल तर ते गुंजांच्या जातीचे असण्याचा संभव अधिक.

१९९८ मध्ये अ‍ॅबर्डीन येथे रोझमेरी, थाइम, लव्हेंडर व सीडरवूड या सुगंधी तेलांचा प्रयोग झाला. त्यात औषधी तेल वापरणाऱ्या ४३ पैकी १९ जणांना व नुसते आधार-तेल वापरणाऱ्या ४१ पैकी ६ जणांना गुण आला. हेही रुग्ण चाईचेच. वयाच्या टकलासंबंधी जो प्रयोग सर्वाधिक सांगितला जातो तो इराणमधील पनाही व सहकाऱ्यांचा, २०१५ मधील. १०० पुरुषांपैकी ५० जणांना रोझमेरी तेल व ५० जणांना दोन टक्के मिनॉक्सिडिल दिले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली, आणि गटागटांत भेद आढळला नाही. यावरून ‘रोझमेरी मिनॉक्सिडिलइतकीच प्रभावी’ असे वाक्य तयार झाले. परंतु तिसरा, नुसते तेल लावणारा गट या प्रयोगात नव्हता. भेद न आढळणे याचा अर्थ समानता सिद्ध होणे असा नव्हे. हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातील सूत्र आहे.

माक्याची गोष्ट निराळी आहे, कारण तो या मातीतला आहे. सागर विद्यापीठातील रॉय, ठाकूर व दीक्षित यांनी २००८ मध्ये माक्याच्या अर्काने पांढऱ्या उंदरांचे केस वाढीच्या अवस्थेत लवकर जातात असे दाखविले. हा प्रयोग काळजीपूर्वक केलेला आहे. पण उंदराच्या पाठीवरील केसांचे आवर्तन व माणसाच्या माथ्यावरील केसांचे संप्रेरकाने होणारे आकुंचन या दोन भिन्न गोष्टी आहेत. उंदराला वयाचे टक्कल पडत नाही. त्याचप्रमाणे खोबरेल तेल केसाच्या दांड्यातील प्रथिनांची झीज कमी करते, हे रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये दाखविले. ते खरे आहे. परंतु तो दांड्याचा गुण आहे, मुळाचा नव्हे. तेल लावणाऱ्या स्त्रीच्या केसांचे तुटणे कमी होते, यात तिच्या अनुभवाचे चीज आहे. तुटणे आणि झडणे यांना मात्र लोकभाषेत एकच क्रियापद आहे: ‘केस जातात’. पुष्कळसा घोटाळा या एका क्रियापदाने केला आहे.

जंतुनाशक उपचारांचे क्षेत्र कोंड्याचे आहे, आणि तेथे त्यांचे यश निर्विवाद आहे. मॅलासेझिया नावाचे किण्व प्रत्येकाच्या डोक्यावर असते. त्याच्या अतिरेकाने कोंडा व खाज होते. पाच टक्के टी-ट्री तेलाच्या शांपूने १२६ जणांच्या प्रयोगात कोंडा ४१ टक्के उतरला, नुसत्या शांपूने ११ टक्के. हा प्रयोग २००२ चा. कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या शांपूने वयाच्या टकलातही केसांची दाटी काहीशी सुधारते असे बेल्जियममधील एका छोट्या प्रयोगात १९९८ मध्ये दिसले. एवढा एक क्षीण दुवा सोडला तर कोंडा जाणे व टक्कल थांबणे यांचा संबंध अद्याप अनुमानाचाच आहे. आणि डोक्याला खरोखरीच गजकर्णाची बाधा झाली व त्यामुळे केस गेले, तरी तेथे लेप अपुरा पडतो. कारण ती बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्यावर ग्रिसिओफुल्विनसारखे औषध पोटातूनच द्यावे लागते.

५

या पार्श्वभूमीवर शेगाव तालुक्यातील घटनेचा उत्तरार्ध पाहिला पाहिजे. बहुतेक रुग्णांचे केस पुढील आठवड्यांत व महिन्यांत पुन्हा येऊ लागले. केसांचे मूळ नष्ट न होता केवळ त्याच्या वाढीला आघात पोचला असेल तर आघात थांबताच मूळ पुन्हा कामास लागते. ही केशपाताच्या विद्येतील सुप्रतिष्ठित गोष्ट आहे. अमेरिकेत २००८ मध्ये एका पूरक आहारात चुकून सुमारे २०० पट सेलेनियम मिसळले गेले आणि २०१ व्यक्ती बाधित झाल्या. तेथेही केस जाणे हे प्रमुख लक्षणांपैकी एक होते, आणि उपाय एकच होता: ते द्रव्य घेणे बंद करणे.

परंतु केस उगवू लागले त्या काळात त्या डोक्यांवर काय काय लावलेले होते? कोणी मलम लावीत होते, कोणी कडुनिंबाचे पाणी, कोणी माक्याचे तेल, कोणी कांद्याचा रस. यांपैकी प्रत्येकाच्या हाती आता एक अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. तेल लावले आणि केस आले, ही दोन्ही विधाने सत्य आहेत. त्यांना जोडणारे ‘म्हणून’ हे अव्यय तेवढे असिद्ध आहे. केश्य उपचारांचे सारे वाङ्मय या अव्ययावर जगते. ज्या व्याधी आपोआप उतरतात त्यांवरच सर्वाधिक घरगुती औषधे का आढळतात, याचे उत्तरही येथेच आहे. हळूहळू होणाऱ्या टकलावर इतकी औषधे असूनही टकलाची संख्या का घटत नाही, याचे उत्तरही येथेच आहे. कारण तेथे दुसऱ्या प्रकारातील यश उसने आणलेले असते. शासनाच्या औषधविषयक नियमांतील ‘जे’ अनुसूचीत, बरे करण्याचा दावा करता येणार नाही अशा व्याधींच्या यादीत टकलाचा समावेश आहे, तो काही अकारण नव्हे.

या घटनेत आणखी एक योगायोग आहे, आणि तो केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कोंड्यावरील जुन्या व प्रभावी जंतुनाशकांपैकी एक म्हणजे सेलेनियम सल्फाइड. १९५० च्या दशकापासून ते शांपूत वापरले जाते. म्हणजे जे मूलद्रव्य बाहेरून लाविले असता डोक्याच्या त्वचेला आरोग्य देते, तेच पोटातून गेले असता केस पाडते. पहिले संयुग पाण्यात विरघळत नाही व त्वचेतून आत जवळजवळ शिरत नाही. दुसरे गव्हाच्या प्रथिनात गुंफलेले असते व अन्नाबरोबर थेट शरीरात मिसळते. एकाच नावाच्या द्रव्याचे गुण त्याच्या रूपावर, मात्रेवर व मार्गावर अवलंबून असतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द यांपैकी काहीच सांगत नाही. शेगावच्या गव्हातील सेलेनियमही पूर्णपणे नैसर्गिकच होते. ते जमिनीतून पिकात आले होते, कोणी मिसळलेले नव्हते.

६

या चिकित्सेवर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. घरगुती उपचार स्वस्त आहेत, हाताशी आहेत; तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ नसतो तेव्हा निदान आईचा तेलाचा हात तरी डोक्यावर असतो. एका आघाताने घाबरलेल्या मुलीला हा हात काय देतो हे कोणत्याही प्रयोगाच्या कोष्टकात मावत नाही. त्या तेलाची टवाळी करणारा नागर अभ्यासक गावकऱ्याला काहीच देत नाही, आणि जे आहे तेही हिरावून घेतो. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. कोंडा, खाज, कोरडेपणा व केसांचे तुटणे एवढ्या मर्यादेत कडुनिंब, खोबरेल व शिकेकाई यांचे स्थान अबाधित आहे, आणि ते स्थान लहानही नाही.

परंतु आक्षेपाचा दुसरा भाग त्याच्याच विरुद्ध जातो. लेपाची खरी किंमत पैशांत नसते, काळात असते. तेलाला निदान तीन महिने द्यावेत असे हे वाङ्मय सांगते. शेगाव तालुक्यातील कुटुंबाने ते तीन महिने श्रद्धेने दिले असते, आणि डब्यातील गहू तोच राहिला असता, तर त्या प्रत्येक दिवशी तेच विष पोटात गेले असते. केस हा येथे रोग नव्हता. तो इशारा होता. शरीराच्या ज्या भागात पेशी अत्यंत वेगाने वाढतात त्या भागावर विषाचा परिणाम प्रथम दिसतो, म्हणून केस गेले. इशाऱ्यावर तेल चोळल्याने तो पुसला जाईल, पण ज्याचा तो इशारा होता ते तसेच राहील. गरीब कुटुंबाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे, कारण त्याला गहू निवडता येत नाही. जो शिधा मिळतो तोच खावा लागतो. अशा वेळी सारे लक्ष डोक्यावर खिळविणारे लेखन, लेखकाच्या मनात नसतानाही, धान्याच्या गोदामाकडे जाणारा प्रश्न अडवून धरते.

म्हणून या वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे जे कार्य आहे ते त्याला बाद ठरविण्याचे नसून त्यात गहाळ झालेली पदे पुन्हा भरण्याचे आहे. वऱ्हाडातील गावोगावचे केश्य उपचार संकलित करताना केवळ द्रव्य व कृती न नोंदविता, केस एकाएकी गेले की क्रमाने, चकत्यांनी गेले की सरसकट, एकट्याचे गेले की घरातील अनेकांचे, त्या काळात अन्नपाण्यात काय बदल झाला होता, आणि उपचार न करणाऱ्या शेजाऱ्याचे काय झाले, एवढे प्रश्न प्रत्येक नोंदीसोबत विचारले जावेत. वाग्भटाने वेगाचा एक निकष ठेवून दिला आहे. त्यात या चार-पाच निकषांची भर घातली तर बटव्यातील पुष्कळ औषधे आपापल्या योग्य जागी जाऊन बसतील. काही कोंड्याच्या खणात जातील, काही चाईच्या, बरीचशी केसांच्या निगेच्या. वयाच्या टकलाचा खण जवळजवळ रिकामा राहील. आणि बोंडगाव-कालवडच्या प्रकारचा केशपात ज्या खणात पडतो त्यात एकही तेल असणार नाही. तेथे धान्याचा नमुना तपासणीस पाठवावा, एवढीच एक नोंद असेल.